कमरेतलं मूळ

लोसालिने, आमची लोसा, विणायच्या घरात सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची. बसताना आणि उठताना कुणी पाहू नये म्हणून.

खाली पडलेली वस्तू ती पायाच्या बोटांनी उचलायची. काडी, चमचा, एकदा सुरीसुद्धा.

शिंक आली की आधी दाराची चौकट धरायची, मग शिंकायची.

चर्चमध्ये तिची जागा खांबाजवळ. स्तोत्राला उभं राहताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. त्यात कण्हणं बुडून जायचं.

कमरेला गुंडाळायची चटई आम्ही चर्चला जाताना बांधतो, मयताला बांधतो, मोठ्या माणसांसमोर बांधतो. ती घरातही बांधायची. भांडी घासतानाही. गावातल्या म्हाताऱ्या आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या, बघा, केवढी रीत पाळते. ती चटई ती इतकी आवळायची की सोडल्यावर पोटावर विणीचे वळ दिसायचे. रीत नव्हती ती. कंबर धरून ठेवायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

कशी आहेस, असं विचारलं की ती म्हणायची, तू कशी आहेस.

हे सगळं मला एका दिवसात दिसलं नाही. वर्ष गेलं.

मी समुद्रापलीकडच्या सुवा शहरातून साहित्याची पदवी घेऊन बेटावर परत आले तेव्हा मला नोकरी नव्हती. आई म्हणाली, घरात पुस्तक घेऊन लोळण्यापेक्षा विणायला चल. विणायचं घर म्हणजे चर्चमागची पत्र्याची लांब शेड. तिथे सहा बायका बसायच्या. मी केवड्याच्या वाळलेल्या पाती चिरून द्यायचे. मला तेवढंच जमत होतं.

मोठी चटई विणताना बायका एका ओळीत जमिनीवर बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला दोन हात रुंदी. सगळ्यांचे हात बरोबरीनं पुढे सरकले तर वीण सरळ जाते. एक मागे राहिली की तिच्यासमोर खाच पडते आणि ती सगळ्यांना दिसते. लोसासमोर नेहमी खाच असायची.

फेहोको नावाची बाई तिच्या शेजारी बसायची. तिची जीभ चिरायच्या सुरीसारखी होती. एकदा ती म्हणाली, "लोसा, तुझ्यापुढे तळं झालंय. होडी आणू का?"

"आण," लोसा म्हणाली. "आणि तुझ्या नवऱ्यालाही आण. वल्हवायला तरी उपयोगी पडेल."

सगळ्या हसल्या. फेहोकोही हसली. लोसाचे हात तेवढ्या वेळात दोन ओळी पुढे गेले.

त्या दिवशी मी चिरलेल्या पाती गोळा करायला मागे राहिले. शेड रिकामी झाली असं समजून लोसा उठली. तिनं आधी दोन्ही हात खांबाला धरले. एक गुडघा टेकवला. थांबली. कपाळावर घाम आला. मग दुसरा पाय. पूर्ण उभं राहायला तिला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण मधे बाहेरून एक डुक्कर आलं, आत डोकावलं आणि निघून गेलं. मग तिनं मला पाहिलं.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली.

तेव्हापासून मी रोज मागे थांबायला लागले. ती सदतीस वर्षांची होती, मी तेवीसची. आमची मैत्री अशी झाली.

तिची कंबर अकरा वर्षं दुखत होती. पडली नव्हती, काही झालं नव्हतं. एका सकाळी तिनं कोनफळांची टोपली उचलली आणि खाली ठेवली, इतकंच. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुखणं परत आलं आणि राहिलं. दवाखान्यातली नर्स गोळ्या द्यायची. गोळ्या घेतल्या की पोट दुखायचं. चौथ्या वर्षी तिचा नवरा फेलेती तिला बोटीनं मोठ्या बेटावर घेऊन गेला. तिथे तिच्या कमरेचे फोटो काढले, रक्त तपासलं. हाडं चांगली आहेत, असं सांगून परत पाठवलं.

हाडं चांगली आहेत, ही बातमी तिच्या आधी गावात पोचली. गाव खूश झालं. चर्चमध्ये आभार मानले गेले. आणि मग ती कशाला नाही म्हणाली की लोक विचारायला लागले, का गं, हाडं तर चांगली आहेत ना? त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. हळूहळू तिलाही कळेनासं झालं.

तिनं गायनमंडळ सोडलं. झोप गेली. नऊ वर्षांच्या लेकीच्या हातून एक कप सांडला तर ती इतकी ओरडली की लेक शेजारी पळाली, आणि लोसा सांडलेल्या चहाकडे बघत बसली, कारण पुसायला वाकता येत नव्हतं. पुढच्या वर्षाचं काही बोलणं निघालं, कुणाचं लग्न, कुणाचं येणं, की ती उठून जायची. फेलेती भला माणूस. न बोलता पाणी भरायचा, न बोलता लाकडं फोडायचा. पण एकदा त्यानंही विचारलं होतं की डॉक्टर म्हणतात तेच खरं तर नसेल. ते तिनं मला तीन वेळा सांगितलं.

"दुखणं सहन होतं, आने," ती मला म्हणाली. "ते रोज पटवून द्यावं लागतं, ते नाही सहन होत."

मग आत्या आल्या.

आमच्याकडे बापाच्या बहिणीपुढे कुणी बोलत नाही. बाप स्वतःसुद्धा नाही. लोसाचे वडील गेले होते, आईही जाऊन सोळा वर्षं झाली होती. पण तोकिलुपे नावाच्या आत्या होत्या, पलीकडच्या बेटावर. सत्तरी ओलांडलेल्या, अंगानं मोठ्या, कमी बोलणाऱ्या. भाचीचं दुखणं त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं. त्या थोरला मुलगा लिसिआते याला घेऊन बोटीतून उतरल्या, घरात येऊन बसल्या आणि लोसाला म्हणाल्या, अंगठा ठेव, नेमकं कुठे ते दाखव.

लोसानं मागे हात नेऊन अंगठा ठेवला. आत्यांनी त्यावर आपला अंगठा ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ.

त्यांनी विचारलं, आईच्या थडग्याजवळ कोणतं झाड आहे. लोसा म्हणाली, सुरूचं. तेव्हा एवढंसं होतं, आता मोठं झालंय.

आत्यांनी मान हलवली. घरातल्या सगळ्यांना तेवढ्यावरून कळलं. झाडाचं मूळ वाळूतून सरकत जातं आणि निजलेल्या माणसाच्या हाडात शिरतं. तो निजलेला माणूस आपल्या रक्ताच्या माणसाला तिथेच टोचून जागं करतो. आईच्या कमरेत मूळ, म्हणून लेकीची कंबर. थडगं उघडायचं, मूळ काढायचं, हाडं पुसून तेल लावून नव्या कापडात परत निजवायची. आमच्या गावात अशी तीन थडगी उघडलेली मला माहीत आहेत. एकाचं डोकं दुखायचं थांबलं होतं.

मी सुव्यात चार वर्षं काढली होती. मी त्यावर हसले असते असं तुम्हाला वाटेल. मी हसले नाही. लोसाच्या तोंडाकडे बघून कुणीच हसलं नसतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला म्हणालं होतं की तुझ्या दुखण्याला कारण आहे.

थडगं उघडायच्या आदल्या दुपारी ती माझ्याकडे आली. बसली नाही. दाराला टेकून उभी राहिली.

"आत काही निघालं नाही तर?" ती म्हणाली.

मी म्हटलं, निघेल.

"हाडं चांगली. रक्त चांगलं. आता आईही नीट निजलेली निघाली, तर मग मी काय सांगू लोकांना? माझ्याकडे काय उरतं?"

तिनं दाराची चौकट घट्ट धरली.

"लेकीनं आईच्या हाडांकडे बघायचं नाही, असं आत्या म्हणाल्यात. मी पाठ करून बसणार. तू कडेला उभी राहा. तू बघ. तू पुस्तकं वाचलेली पोरगी, तू बघितलेलंच सांगशील. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही."

मी हो म्हटलं.

पहाटे, समुद्रावर उजेड यायला लागला तेव्हा, लिसिआते खड्ड्यात उतरला. घरचे आठ-दहा जण होतो. वर चादर धरली होती, उजेड थेट आत पडू नये म्हणून. चादरीचं एक टोक माझ्या हातात होतं. लोसा दहा पावलांवर समुद्राकडे तोंड करून बसली होती. काळे कपडे, कमरेला मोठी चटई. तिची पाठ ताठ होती. ती ताठ ठेवायला तिला काय पडत असेल ते मला माहीत होतं.

वाळू भुसभुशीत होती. लिसिआते फावडं बाजूला ठेवून हातानं उकरायला लागला. निजवताना गुंडाळलेल्या चटईचे तुकडे निघाले. मग हाडं. ती पिवळी होती आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. सगळीकडून केसांसारखी बारीक मुळं आलेली होती. आणि एक जाड मूळ होतं, बोटाएवढं. ते सुरूच्या बाजूनं येऊन उजव्या खांद्याच्या हाडाला वळसा घालून डोक्याकडे वर गेलं होतं.

कमरेपाशी काही नव्हतं. कमरेची हाडं एकाखाली एक, वाळूत नीट निजलेली होती. त्यांच्यापासून ते मूळ हातभर लांब होतं.

लिसिआतेनं ते कापलं. वर दिलं. आत्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि म्हणाल्या, "कमरेतून आरपार."

कुणीतरी रडायला लागलं. कुणीतरी प्रार्थना सुरू केली. कमरेतून, कमरेतून, असं कडेनं सगळीकडे गेलं. लिसिआतेनं खालून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून हाडं पुसायला घेतली. आत्या खोटं बोलल्या असं मला अजूनही वाटत नाही. भाचीची कंबर त्यांना माहीत होती. मूळ हातात होतं. मधलं हातभर अंतर त्यांना दिसलंच नाही.

खोबरेल लावलं. झाडाच्या सालीच्या पांढऱ्या नव्या कापडात सगळं गुंडाळलं. वाळू लोटली. मग मी लोसाकडे गेले. तिनं मान वळवली नाही. समुद्राकडेच बघत विचारलं, "तू पाहिलंस?"

"हो."

"कुठे होतं?"

मागे सगळे गात होते. माझ्या पायांना वाळू चिकटलेली होती.

"कमरेतच होतं," मी म्हटलं.

तिनं डोळे मिटले. मग ती उठली. हात न टेकता उठली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढचे तीन आठवडे ती झोपली. झोपली, वाकली, अंगण झाडलं, लेकीला कडेवर घेतलं. लेक एवढी मोठी की तिचे पाय खाली लोंबत होते. विणायच्या घरात ती सगळ्यांच्या मधोमध येऊन बसायची आणि सगळ्यांबरोबर उठायची. तिच्यासमोरची खाच भरली. फेहोको म्हणाली, आता आमच्यापुढे तळी होणार. फेलेतीनं डुक्कर कापलं, जमिनीतली भट्टी लावली, अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून मोटल्या केल्या. आत्यांना मधोमध बसवून पहिला घास दिला. रविवारी पाळकांनी लोसाचं नाव घेऊन आभार मानले आणि लोसानं उभं राहून सांगितलं की मी बरी झाले. खांबाजवळून नाही. पुढच्या बाकावरून.

मला माझ्या खोट्याचा अभिमान वाटत होता. मी हे लपवत नाही.

चौथ्या आठवड्यात एका सोमवारी मी शेडमध्ये लवकर गेले. लोसा आधीच येऊन बसली होती. एकटी.

मी पाती चिरायला घेतल्या. ती विणत राहिली. मी काही विचारलं नाही. संध्याकाळी सगळ्या निघाल्या तेव्हा ती म्हणाली, तुम्ही पुढे व्हा, एवढी ओळ संपवते. मी थांबले. ती म्हणाली, "तूही जा, आने." मी गेले.

यानंतरचे दोन महिने कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. बाहेरून सगळं छान होतं. ती हसायची. कुणी विचारलं तर अगदी बरी आहे म्हणायची. पूर्वी ती दुखणं अर्धं लपवायची. आता पूर्ण लपवायला लागली. पूर्वी निदान माझ्यासमोर खांब धरायची. आता माझ्यासमोरही नाही. चर्चमध्ये आभार मानून झाले होते. डुक्कर खाऊन झालं होतं. आईची हाडं वर काढून परत निजवली होती. आता दुखतं म्हणायला जागा कुठे होती? ती वाळत गेली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं. एकदा तिची लेक मला वाटेत भेटली आणि म्हणाली की आई आता ओरडत नाही, आता बोलतच नाही.

शेवटी तीच आली. भर दुपारी, आमच्या मागच्या पायरीशी. आई घरात नव्हती. ती उभीच राहिली.

"परवा ओहोटीला मी खडकांवरून चालत गेले," ती म्हणाली. "पार कडेपर्यंत. पाणी परत भरायला लागलं तरी फिरावंसं वाटेना. घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं. मी तशीच उभी. मग थंडी वाजली म्हणून आले. दुसरं काही नाही. थंडी वाजली म्हणून."

माझ्या हातातली सुरी मी खाली ठेवली.

"फेलेतीला सांगितलंस?"

"काय सांगू? आईनं सोडलं मला. मूळ निघालं. तू बघितलंस. तरी माझी कंबर तशीच दुखते, आने. आधीपेक्षा जास्त. म्हणजे बिघाड कमरेत नाहीच. गाव म्हणत होतं ते खरं होतं. माझ्या डोक्यात आहे. मीच खोटी आहे, आणि मला ते कळतही नाही, अशी खोटी."

ती हे रागानं बोलत नव्हती. हिशेब जुळल्यासारखी बोलत होती. मला त्याचीच भीती वाटली.

मी म्हटलं, "मूळ खांद्यापाशी होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"उजव्या खांद्यापाशी. तिथून वर गेलं होतं. कमरेत काही नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं."

शेजारच्या अंगणात कुणीतरी नारळ सोलत होतं. एक नारळ झाला, दुसरा झाला.

"खांद्यापाशी," ती म्हणाली.

"हो."

"खांदा मला कधीच दुखला नाही."

"हो."

मग ती मला बोलली. आवाज न चढवता बोलली. म्हणाली, सगळं गाव सोडून मी तुला विचारलं होतं. दोन महिने मी रात्रंदिवस स्वतःला खोटं ठरवत होते, ते तुझ्या एका शब्दावर. तुला माझी दया आली, होय ना? दया नको होती गं. तू बघितलेलं हवं होतं.

मी रडत होते. तिनं मला जवळ घेतलं नाही. घ्यावं असं मला वाटतही नव्हतं.

जाताना ती पायरीपाशी थांबली. तिनं विचारलं की लिसिआतेला माहीत आहे का. मी म्हटलं, त्यानं पाहिलं होतं. ती म्हणाली, आत्यांना सांगू नकोस. त्यांनी त्यांच्या परीनं केलं. मग कमरेची चटई सैल करून परत आवळली आणि खांबाला धरून, माझ्यासमोर, कण्हत, पायरी उतरली.

मी मागोमाग गेले. फेलेतीला ओहोटीचं मी सांगेन, असं म्हटलं. ती म्हणाली, मी सांगते. मी तरी तिच्याबरोबर घरापर्यंत गेले आणि तिनं ते सांगेपर्यंत अंगणात उभी राहिले. फेलेती जाळं दुरुस्त करत होता. त्यानं ऐकून घेतलं. जाळं तसंच टाकून तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून ओहोटीच्या वेळी तो घरातच असायचा.

थडगं उघडल्याला शंभर दिवस झाले की वर पांढरी वाळू पसरून काळे खडे लावायचे असतात. खडे ज्वालामुखीच्या बेटावरून येतात, गुळगुळीत, अंगठ्याएवढे. आधी तेलानं चोळायचे, मग एकेक करून, एकमेकांना भिडवून लावायचे. आईचं थडगं असेल तर लेकीनं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सगळी वेळ गुडघ्यांवर, वाकून.

आत्या परत आल्या. खड्यांची भरलेली टोपली त्यांनीच आणली होती. सकाळी उपासनेनंतर सगळे थडग्याभोवती जमिनीवर मांडी घालून बसले. माझी आई, फेहोको आणि विणायच्या घरातल्या बाकीच्याही आल्या होत्या. बरी झालेली लेक आईला सजवते, हे बघायला कोण येणार नाही?

मी लोसाला आदल्या दिवशी म्हटलं होतं की ताप आलाय म्हणून सांग. ती म्हणाली, आता आणखी खोटं नको.

तिनं डोक्याकडून सुरुवात केली. पहिली ओळ सरळ आली. दुसरी आली. कुणीतरी गाणं म्हणत होतं. ऊन वर चढलं. तिचे हात थरथरायला लागले तेव्हा मी बघायचं थांबवलं आणि मग परत बघितलं. ती एक खडा लावायची, थांबायची, दुसरा उचलायची. गाणं संपलं. दुसरं सुरू झालं नाही.

अर्ध्याच्या जरा अलीकडे ती थांबली. हातातला खडा टोपलीत परत ठेवला. मग दोन्ही हात वाळूत रोवून, एक गुडघा उचलून, ती उठली. आणि उठताना कण्हली. मोठ्यानं. अकरा वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर.

"काय झालं?" आत्या म्हणाल्या.

"दुखतंय."

"फार वेळ बसलीस. जरा पाय मोकळे कर, मग लाव."

"तसं नाही, आत्या. आधी दुखायचं तसंच दुखतंय. तीन आठवडे थांबलं होतं, मग परत आलं. तुम्ही एवढं केलंत, पाळकांनी आभार मानले, म्हणून मी बोलले नाही."

"मूळ निघालं की."

"निघालं. तरी दुखतंय."

लिसिआते वाळूकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्या मागे फेहोको पुटपुटली की हाडं तर..., आणि माझी आई तिला म्हणाली, गप्प बस.

"म्हणजे आम्ही सगळे खोटे?" आत्यांनी विचारलं. आवाज खालीच होता. त्यांचा आवाज कधी चढत नसे.

"नाही," लोसा म्हणाली. "पण मीही नाही."

ती उभी होती आणि तिचे पाय कापत होते. परत खाली बसली तर उठता येणार नाही हे तिला माहीत होतं, मलाही. तेव्हा फेलेती उठला. पाळकांच्या घराकडे गेला आणि एक लाकडी खुर्ची घेऊन आला. थडग्याच्या कडेला, लोसाच्या मागे, ठेवली.

बापाची बहीण जमिनीवर बसलेली असताना तिच्यापेक्षा उंच कुणी बसत नाही. मी जन्मल्यापासून असं कधी पाहिलेलं नाही. आजारी माणसंही कोपरावर रेलतात, पण खालीच. लोसानं खुर्चीकडे पाहिलं. आत्यांकडे पाहिलं. मग ती बसली.

आत्यांना तिच्याकडे बघायला मान वर करावी लागली. त्यांनी ती वर केली. बराच वेळ तशीच ठेवली.

"किती वर्षं म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

आत्या लिसिआतेचा हात धरून उठल्या. दुपारच्या बोटीनं गेल्या. त्या रागावून गेल्या की कसं, ते कुणालाच सांगता येत नाही. त्यानंतर त्या आलेल्या नाहीत. निरोपही नाही.

लोसाचं दुखणं आहे तसंच आहे. दर दोन महिन्यांनी मोठ्या बेटावरच्या दवाखान्यातून एक बाई येते, ती तिला चालायला सांगते, म्हणून ती धक्क्यापर्यंत चालत जाते आणि येते. काही दिवस तेही होत नाही. विणायच्या घरात ती आता कधीही येते, उठताना कण्हते आणि कण्हून झालं की शिवी देते. निम्म्या बायकांचा तिच्यावर विश्वास आहे, निम्म्यांचा नाही. फेहोको कुठल्या बाजूला आहे ते रोज बदलतं. मला लोसानं माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. ती मला कामं सांगते. मी करते.

थडगं तसंच आहे. डोक्याकडून नऊ ओळी काळ्या, दहावी अर्धी, पुढे नुसती पांढरी वाळू. वारा आला की ती थोडी सरकते. लेकीशिवाय कुणी हात लावायचा नाही, म्हणून कुणी लावत नाही. टोपली सुरूच्या बुंध्याशी ठेवलेली आहे. तिच्यात अजून निम्म्याहून जास्त खडे आहेत, तेल लावलेले. मधे एकदा मी लोसाला विचारलं की बाकीचे कधी लावणार. ती म्हणाली, माहीत नाही.